कावळ्याने शंभर वेळा दार ठोठावलं तर?

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा माझ्या शेजारी बसून मी लिहिलेला एक छोटासा गेम खेळत होता. चित्रं नाहीत, नुसता मजकूर आणि खाली निवडायला पर्याय. एक जुना वाडा, त्यात एकटी राहणारी आत्या, तिच्या खोलीत एक पेटी आणि पेटीत आजोबांची पत्रं. पेटीची किल्ली आत्या कुणाला देत नाही. तिच्याशी बोलायचं, माडीवर जायचं, मागच्या विहिरीपाशी हिंडायचं, घरातल्या जुन्या गोष्टी एकेक करून समजून घ्यायच्या, आणि मग एखाद्या संध्याकाळी ती आपणहून किल्ली पुढे करेल, असं मी योजलं होतं. तिचा विश्वास मोजायला आत एक आकडा ठेवला होता. तो पन्नासवर गेला की किल्ली.

पर्यायांत एक होता, 'आत्याला पाणी आणून दे'. त्याने विश्वास दोनने वाढायचा. भाच्याने पाणी दिलं. आत्या म्हणाली, "बरं झालं हो, घसा कोरडा पडला होता." पर्याय तिथेच राहिला होता, म्हणून त्याने परत पाणी दिलं. आत्या परत म्हणाली, "बरं झालं हो, घसा कोरडा पडला होता." मग त्याचं बोट थांबलंच नाही. मी मोजत होते. पंचविसाव्या पेल्याला आत्याने पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"मावशी, मिळाली किल्ली."

"आवडला का गेम?"

"ठीक आहे गं. जरा बोअर आहे."

माडी त्याने पाहिलीच नव्हती. माडीवर माझे दोन महिने गेले होते.

त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं. चूक माझ्या लिहिण्यात होती. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे: गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये खेळाडू तेच ते करत राहिला तर काय करायचं? जगभरच्या डिझाइनरांनी यावर गेली पन्नास वर्षं डोकं लढवलं आहे. त्यातलं मला जे समजलं ते इथे मांडते.

पळवाट म्हणजे काय

गेम बनवणारे याला एक्सप्लॉइट म्हणतात. मराठीत पळवाट हा शब्द चपखल बसतो. नियम मोडलेला नसतो, लबाडी केलेली नसते. नियमांतच एक फट राहिलेली असते आणि खेळाडू तिच्यातून पलीकडे जातो. पुनरावृत्तीची पळवाट हा त्यातला सगळ्यात जुना प्रकार. एखादी बारीकशी कृती, जिचं फळ पक्कं आणि जिची किंमत शून्य, ती करत राहायची. मुलं याला 'ग्राइंड' किंवा 'फार्मिंग' म्हणतात.

2006 साली बेथेस्डा कंपनीचा 'ऑब्लिव्हियन' हा गेम आला. त्यामागची कल्पना मला आजही आवडते: जे कराल त्यात तुम्ही तरबेज होत जाल. तलवार चालवली की तलवारीचा हात बसतो, उड्या मारल्या की उड्या सुधारतात. तालमीत गेलेल्या कुणालाही हे पटेल. पण मग खेळाडू एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जाईनातच, उड्या मारत जाऊ लागले. गोष्ट अशी की सम्राटाचा खून झालाय, राज्यावर राक्षसी संकट आलंय, आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त तो वीर बेडकासारखा टणाटण उड्या मारत निघालाय. लपतछपत चालण्याचं कौशल्य वाढवायचं असेल तर कुणाच्या तरी पाठीमागे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, चालण्याची कळ दाबलेली राहील अशी सोय करायची आणि आपण जेवायला जायचं. परत येईतो तुमचा वीर पट्टीचा चोर झालेला असायचा.

याच मालिकेतला 'स्कायरिम' 2011 मध्ये आला. त्यात लोहारकाम होतं. लोखंडाची एक लगड आणि चामड्याची एक पट्टी घेतली की एक खंजीर तयार. खंजीर काय किंवा भारी चिलखत काय, शिकण्याचं फळ सारखंच मिळायचं. मग लोकांनी शेकड्यांनी खंजीर घडवले. पुढच्या एका अपडेटमध्ये कंपनीने नियम बदलला: वस्तू जितकी मौल्यवान तितकं शिकणं जास्त. लगेच खेळाडूंना आठवलं की याच गेममध्ये लोखंडाच्या खनिजाचं आधी चांदीत आणि मग सोन्यात रूपांतर करणारा एक मंत्र आहे. खंजीर गेले, सोन्याच्या अंगठ्या आल्या. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं, ते असं.

'सिव्हिलायझेशन 4' या गेमचे मुख्य डिझाइनर सोरेन जॉन्सन यांनी या स्वभावाबद्दल लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यशाचा सर्वांत स्वस्त रस्ता कंटाळवाणा असला तरी खेळाडू तोच धरतात आणि त्या नादात गेममधली मजा स्वतःच्या हाताने संपवतात. माझा भाचा कंटाळला होता, तरी थांबला नाही, ते याचमुळे. माणसं मूर्ख असतात म्हणून हे घडत नाही. गेममधला प्रत्येक आकडा म्हणजे डिझाइनरने खेळाडूच्या कानात सांगितलेली गोष्ट असते: याला इथे मोल आहे. पाण्याला दोन गुण मीच ठेवले होते. त्याने माझं ऐकलं.

गोष्टीत हे जास्त का लागतं

बंदुका चालवण्याच्या गेममध्ये अशी पळवाट सापडली तर गेम सोपा होतो, एवढंच. गोष्टीच्या गेममध्ये खेळाडूची प्रत्येक कृती हे त्या गोष्टीतलं एक वाक्य असतं. 'आत्या एका संध्याकाळी पंचवीस पेले पाणी प्यायली आणि प्रत्येक पेल्याला तेच वाक्य बोलली.' हे वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण माझ्या गोष्टीत आलं. आणि त्या वाक्यानंतर आत्या माणूस राहिलीच नाही, नाणं टाकलं की वस्तू बाहेर टाकणारं यंत्र झाली. पुढे पत्रं वाचताना तिचे डोळे भरून येतात असं मी कितीही जीव ओतून लिहिलं, तरी यंत्राच्या डोळ्यांतल्या पाण्याने कुणाचं काळीज हलणार?

म्हणून इथला प्रश्न शिस्तीचा नाही, विश्वासार्हतेचा आहे. सुचणारा पहिला उपाय, म्हणजे पर्याय बंद करणे किंवा दंड लावणे, बहुतेक वेळा अंगाशी येतो. 2004 मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या चाचणीच्या काळातला प्रसंग डिझाइनर मंडळी अजून सांगतात. कुणी तासन्‌तास एकटाकी खेळू नये म्हणून ठरावीक वेळानंतर मिळणारे अनुभवाचे गुण निम्मे करायचे, असा नियम ठेवला होता. खेळाडू भडकले. मग तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने हिशेब जवळपास तोच ठेवून नावं फिरवली: विश्रांती घेऊन आलात तर दुप्पट, ती शिल्लक संपली की नेहमीसारखं. तक्रार मिटली. कापून घेतलेलं माणसाला झोंबतं. तेच 'जास्तीचं होतं, आता संपलं' असं कळलं की चालतं.

कागद, पेन्सिल आणि फासे

या प्रश्नाची सगळ्यात चांगली उत्तरं मला संगणकाच्या बाहेर सापडली. चार-पाच जण टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकमेकांना गोष्ट सांगत जे खेळ खेळतात त्यांत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 चा. भुयारात शिरायचं, खजिना शोधायचा. आता खेळाडू म्हणाला, "मी ही भिंत चाचपतो. काही नाही? परत चाचपतो. परत," तर काय? त्याला अडवायचं नाही. नियम इतकाच की शोधायला वेळ लागतो, वेळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजायचा, आणि तेवढी मशाल जळून संपत जाते. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या शेवटी खेळ चालवणारा एक फासा टाकतो. सहा पडले की भटकणारं एखादं जनावर तुमच्या अंगावर येतं. चाचप बाबा हवं तितकं. मशाल जळतेय आणि अंधारात काहीतरी सरपटतंय. पुनरावृत्तीला मनाई नाही, तिची किंमत मात्र गोष्टीच्याच चलनात वसूल होते. त्याच पहिल्या नियमांत आणखी एक कलम होतं: मोठ्या पातळीच्या वीराने किरकोळ राक्षस मारले तर अनुभवही त्या प्रमाणात कमी. 'घटतं फळ' ही कल्पना तेव्हापासून आहे.

चार वर्षांनी, 1978 मध्ये, 'रूनक्वेस्ट' आला. यातही कल्पना ऑब्लिव्हियनसारखीच होती, करशील ते शिकशील. पण मांडणी बघा. साहसात एखादं कौशल्य यशस्वीपणे वापरलं की कागदावर त्याच्यापुढे एक खूण करायची. दहा वेळा वापरलं तरी खूण एकच. साहस संपल्यावर, निवांतपणी, प्रत्येक खुणेसाठी फासे टाकायचे. त्याच कंपनीच्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये, 1981 साली, हे फारच सुटसुटीत झालं: तुमच्या सध्याच्या कौशल्यापेक्षा मोठा आकडा पडला तरच तुम्ही सुधारता. म्हणजे नवशिका भरभर शिकतो, मुरलेल्याला क्वचितच काही नवीन मिळतं. एका खुणेने आणि एका फाशाने उड्या मारणाऱ्या वीराचा प्रश्न, तो वीर जन्माला यायच्या पंचवीस वर्षं आधी, सुटलेला होता. संगणकावर गेम करणाऱ्यांनी तो कागद नीट वाचायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

खेळाडू तिथेही चतुरच निघाले, हेही सांगायला हवं. खूण कौशल्यागणिक मिळते ना? मग एका लढाईत तलवार, कुऱ्हाड, भाला, गदा असं सगळं आलटून पालटून वापरायचं आणि प्रत्येकापुढे खूण मिळवायची. पाठीवर शस्त्रांचा भारा घेऊन फिरणाऱ्या या वीरांमुळे खेळणाऱ्यांत त्याला 'गोल्फ बॅग' असं नाव पडलं.

दोन उपाय तर इतके साधे आहेत की वाचताना माझं मन भरून आलं होतं. पहिला 2000 सालच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीतला. वीस बाजूंचा फासा टाकून कुलूप उघडायचं आहे, घाई नाही, फसलं तरी काही बिघडत नाही. अशा वेळी खेळाडू वीस पडेपर्यंत फासा टाकत बसणार हे उघड आहे. मग नियमच म्हणतो: टाकू नकोस. वीस पडले असं धर, आणि वीसपट वेळ गेला असंही धर. सहा सेकंदांचं काम असेल तर दोन मिनिटं. अर्धा तास चालला असता तो कंटाळा एका वाक्यात आटोपला, आणि गोष्टीत दोन मिनिटं खरोखर गेली. दुसरा ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील'मधला. फासा एकदा पडला की तो निकाल टिकतो. परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत त्याच गोष्टीसाठी पुन्हा फासा मागायचा नाही, आणि खेळ चालवणाऱ्यानेही मागायला लावायचा नाही. दुसरं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'लपलास? बरं, आता परत लपल्याचा फासा टाक. आता परत,' असं करत खेळाडू फसेपर्यंत छळणारे खेळ चालवणारेही असतात. पळवाटा दोन्ही बाजूंना असतात.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर कबड्डी बघा. आघाडीवर असलेला संघ काय करेल? चढाईपटू मध्यरेषेपलीकडे जाईल, कुणाला शिवणार नाही, वेळ काढून परत येईल. पुढची चढाईही तशीच. नियमाने यात काही गैर नाही, पण बघणारा मरगळतो. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' असते: गुण आण, नाहीतर बाद हो. रिकामी चढाई बंद केलेली नाही, उलट दोन रिकाम्या चढाया झाल्या की सगळं मैदान श्वास रोखून तिसरीकडे बघतं. कंटाळ्यातून ताण निर्माण करणारा इतका नेटका नियम मी गेममध्येही फार कमी पाहिला आहे.

सेव्ह, लोड, परत लोड

संगणकावर आणखी एक पळवाट आहे जी कागदावर नसते. बोलण्याआधी गेम सेव्ह करायचा, बोलणं फसलं की लोड करायचं, जमेपर्यंत हेच. 2008 च्या 'फॉलआउट 3' मध्ये समोरच्याला पटवण्याचे पर्याय टक्केवारीवर चालायचे: जमायची शक्यता 35 टक्के, वगैरे. शक्यता आहे म्हटल्यावर लोड करणारच की. दोन वर्षांनी ऑब्सिडियन कंपनीने त्याच जगातला 'फॉलआउट: न्यू वेगास' केला आणि टक्केवारीच काढून टाकली. वक्तृत्व 50 पाहिजे, तुझं 35 आहे, जमणार नाही. परत लोड करून उपयोग शून्य, कारण नशिबाचा भागच उरला नाही. पण त्यांनी पुढे जे केलं ते लेखकाचं काम होतं. कौशल्य कमी असताना तो पर्याय निवडला तर तुमच्या तोंडचं वाक्यही बदलतं, कच्चं, अडखळतं, अगदी नवशिक्याचं होतं. फसणं वाचायला गंमत येते. लोक मुद्दाम ते पर्याय निवडून बघतात.

'एक्सकॉम: एनिमी अननोन'ने 2012 मध्ये वेगळा मार्ग घेतला. पुढच्या फाशांचा क्रमच सेव्हमध्ये साठवला. लोड करून तीच गोळी परत मारली तर ती परत चुकणार. हे चोख आहे, पण गोष्टीच्या गेमसाठी मला कोरडं वाटतं. दार बंद आहे एवढंच खेळाडूला कळतं, दारापलीकडचं काही त्याच्या हाती लागत नाही.

एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्विट्झ आणि त्यांच्या मंडळींनी केलेला 'डिस्को एलिसियम' 2019 चा. दारूने स्मृती गमावलेला एक पोलीस, आणि सगळी झुंज त्याच्या डोक्यात. त्यात फाशांच्या प्रसंगांचे दोन रंग आहेत. पांढरा फसला तर तो पर्याय बंद होतो आणि तुम्ही ते कौशल्य वाढवलंत किंवा त्या गोष्टीबद्दल काही नवं केलंत, शोधलंत की पुन्हा उघडतो. लाल एकदाच, मग काय होईल ते होईल. बर्निंग व्हीलचाच विचार, रंगांच्या भाषेत. आणि फसलेला प्रत्येक प्रसंग जिंकलेल्याइतकाच मन लावून लिहिलेला. पहिल्याच खोलीत छताच्या पंख्याला अडकलेला टाय ओढताना तब्येतीने दुबळा असलेला नायक प्राण सोडू शकतो. असं वाचायला मिळाल्यावर लोड करायला हात आधी जात नाही, डोळे आधी पुढची ओळ शोधतात. पुनरावृत्तीवर याहून प्रभावी औषध मला ठाऊक नाही: अपयश वाचनीय करा.

गेमला आठवतं तेव्हा

टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' 2015 चा. दिसायला लहान मुलांचा, जुन्या पद्धतीचा, ठिपक्याठिपक्यांचा गेम. सुरुवातीला टोरिएल नावाची एक मायाळू बाई तुम्हाला सांभाळते आणि पुढे बाहेर जायच्या दारात वाट अडवून उभी राहते. अनेक जण दुसरा मार्ग न सुचल्यामुळे तिला मारतात. मग कळवळून जुना सेव्ह लोड करतात आणि या वेळी तिला न मारता बाहेर पडतात. हायसं वाटतं. आणि पुढच्या वळणावर एक फूल भेटतं, फ्लावी, आणि तुम्हाला सांगतं की तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. तू तिला मारलंस आणि मग मागे गेलास, कारण तुला पस्तावा झाला.

मी पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा खुर्चीत ताठ बसले होते. सेव्ह-लोड ही कथेबाहेरची, पडद्यामागची गोष्ट, असं आपण धरून चालतो. या गेमने ती कथेत ओढली.

ग्राइंडचंही त्याने तेच केलं. पहिल्या भागात तुम्ही ठरवून, इकडून तिकडे फिरत, येईल त्या प्राण्याला मारत राहिलात तर वीस झाल्यावर समोर कुणी येणं थांबतं. लढाईचा पडदा नेहमीसारखा उघडतो, पण समोर कुणी नसतं, नुसती एक ओळ: पण कुणीच आलं नाही. इतर गेममध्ये राक्षस न संपणारे असतात, पिकासारखे परत उगवतात. 'फार्मिंग' हा शब्दच तिथून आला. इथे संपतात, कारण ते कुणीतरी होते. आणि शेवटाकडे तुम्हाला सांगितलं जातं की ज्याला तुम्ही इतका वेळ अनुभवाचे गुण समजत होतात ते मारल्याचे गुण होते. ग्राइंड करायला गेमने कुठेही अडवलं नाही. तुम्ही जे केलंत त्याला त्याचं खरं नाव दिलं.

चिऊताईचं उत्तर

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझ्या आत्याकडे परत आले, आणि गेममधलं नव्हे, लहानपणीचं काहीतरी आठवलं. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, आणि तो चिमणीच्या दारात येतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." एकच कृती, तेच शब्द, पुन्हा पुन्हा. शुद्ध पुनरावृत्ती! पण चिऊताई दर वेळी तेच उत्तर देत नाही. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला अंगडं घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. कावळा तिथेच आहे, आत मात्र वेळ पुढे सरकतोय. मांडीवरचं मूल पुढचं उत्तर ओळखून आपल्याआधी बोलतं, आणि तरी त्याला कंटाळा येत नाही. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगितली जाते आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात होतंच.

मी गेम 'इंक' नावाच्या भाषेत लिहिते. केंब्रिजच्या इंकल कंपनीने ती स्वतःच्या गेमसाठी बनवली, 2014 चा '80 डेज' तिच्यातच लिहिला, आणि 2016 मध्ये सगळ्यांना मोफत खुली केली. तिची एक गोष्ट या विषयाच्या गाभ्याला हात घालते. पर्यायापुढे तारा, म्हणजे * हे चिन्ह लिहिलं तर तो पर्याय एकदा निवडल्यावर नाहीसा होतो. पर्याय टिकून राहावा असं वाटत असेल तर ताऱ्याऐवजी + लिहावं लागतं. म्हणजे एकदाच घडणं हा रिवाज आणि पुन्हा घडणं हा मुद्दाम घ्यायचा निर्णय. मी आत्याच्या पाण्यापुढे + लिहिलं होतं, विचार न करता.

आणि महिरपी कंसांत उभ्या रेघांनी तोडून वाक्यं लिहिली की दर वेळी पुढचं वाक्य येतं, शेवटचं आलं की तेच टिकतं. चिमणीची गोष्ट अशी दिसेल:

+ दार ठोठाव
"चिऊताई, चिऊताई, दार उघड."
{"थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." | "थांब, माझ्या बाळाला अंगडं घालते." | "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." | "थांब, माझ्या बाळाला झोपवते." | आतून काहीच आवाज येत नाही.}

पाचवं वाक्य बघा. कावळा शंभर वेळा ठोठावणार असेल तर शंभर उत्तरं लिहायची गरज नाही. चार उत्तरं आणि एक शांतता पुरते. शांतता हेही उत्तरच असतं, आणि खेळाडूला ते फार लवकर कळतं.

संवादांतली एक जुनी खोड यानेच सुटते. समोर सहा प्रश्न दिसले की खेळाडू वरून खाली सगळे विचारून टाकतो, ओळीने. मजकुराचे गेम लिहिणारे याला 'लॉनमोइंग' म्हणतात, यंत्राने पट्ट्यापट्ट्याने हिरवळ कापावी तसं. वाड्याबद्दल विचार, पत्रांबद्दल विचार, आजोबांच्या मृत्यूबद्दल विचार, हवापाण्याबद्दल विचार. खऱ्या आयुष्यात मृत्यूबद्दल विचारल्यावर पुढचा प्रश्न हवेचा नसतो. तीन प्रश्नांनंतर माणूस उठून जातो, विषय बदलतो किंवा उलट विचारतो, "तू का विचारतोयस?" हे लिहिलं की कापणी आपोआप थांबते.

'फॉलन लंडन' हा 2009 पासून चालू असलेला मजकुराचा गेम याच वाटेने बराच पुढे गेला आहे. तिथे बहुतेक कौशल्यं पातळीगणिक महाग होत जातात, दुसरीवरून तिसरीवर जायला तीन गुण लागतात, दहावीवरून अकरावीवर जायला अकरा. आणि फसलेल्या उचापती साठत जातात: संशय, बदनामी, जखमा, दुःस्वप्नं. संशय आठवर गेला की तुम्ही तुरुंगात असता. तिथून गोष्ट पुढे चालू राहते, तुरुंगातून बाहेर कसं पडायचं याची.

सगळीच पुनरावृत्ती मारून टाकायची नसते, हे मला ठासून सांगायचं आहे. दिवसभर ऑफिसात पिचलेला माणूस रात्री गेममध्ये तासभर गळ टाकून मासे धरत बसला तर ती त्याची विश्रांती आहे. ओवीही पुन्हा पुन्हा त्याच चालीत म्हटली जाते, जात्यावर हात फिरत राहतो. कुणाला लढाया अवघड जातात म्हणून तो आधी खूप तयारी करून घेतो; त्याची ती पळवाट बंद केली तर गोष्टीचा शेवट त्याला कधीच दिसणार नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये दुसऱ्या कुणाचं नुकसानही नसतं. मी फक्त इतकंच तपासते: ही कृती पुन्हा केल्याने माझी माणसं खोटी पडतात का? पडत नसतील तर + राहू दे. पडत असतील तर मला लिहायला बसलं पाहिजे.

तशी मी बसले. विश्वासाचा आकडा काढून टाकला. आत्याच्या पाण्याला चार पायऱ्या दिल्या. पहिल्या पेल्याला ती पूर्वीचंच बोलते. दुसऱ्याला वर न बघता म्हणते, "ठेव तिथे." तिसऱ्याला ती पेला हातात घेत नाही. चष्मा काढते, पदराने पुसते, परत लावते आणि म्हणते, "काय हवंय तुला?" इथे पाण्याचा पर्याय जातो आणि दोन नवे येतात, किल्ली मागण्याचा आणि काही नको म्हणण्याचा. काही नको म्हटलं तर पाण्याचा पर्याय परत येतो; चौथ्या पेल्यापासून भरलेले पेले खिडकीच्या फळीवर एकेक करून वाढत जातात, आणि त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही.

मे महिन्यात भाचा परत आला. खेळायला बसला आणि पहिल्या दोन मिनिटांत पाण्यावर पोचला. एक पेला. दुसरा पेला. तिसऱ्याला त्याचं बोट सवयीने पुढच्या क्लिकसाठी खाली आलं आणि मधेच थांबलं. त्याने पडद्यावरची ओळ परत वाचली, ओठ हलवत.

"मावशी, हिला कळलं गं."

मी काही बोलले नाही. तो खुर्चीत पुढे सरकून बसला.

"आता हिला काय सांगू?"